अशोककुमार शेवटाकडून बघावा

पहिल्या खेपेला मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिथंच फसले.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही महिन्यातून दोन शनिवारी जुने सिनेमे दाखवतो. आम्ही म्हणजे मी, एकतीस वर्षं शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेली बाई, आणि ग्रंथपालांचा भाचा, ज्याला प्रोजेक्टरच्या वायरी कळतात. अशोककुमारच्या सिनेमांची मालिका करायची ठरली तेव्हा मी अगदी शिस्तीत १९३६चा 'अछूत कन्या' लावला. साठ खुर्च्या भरलेल्या. अर्ध्या तासात चुळबुळ, तासाभरात खुसखुस, आणि मध्यंतराच्या चहानंतर वर परत आले सतरा जण. पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक आजी चहाचा कप हातात धरून मला म्हणाल्या, "बाई, हा मुलगा मोठा कधी होणार हो?"

प्रश्न बरोबर होता. माडीवर बसलेल्या प्रत्येकाला अशोककुमार माहीत होता, पण तो पिकल्या केसांचा, जाड चष्म्याचा, खोकल्यासारखं हसणारा दादामोनी. समोर पडद्यावर होतं चोवीस वर्षांचं एक गोरंगोमटं, भेदरलेलं पोर. ओळख नाही, तर आपुलकी कुठून येणार?

म्हणून ही मालिका आपल्या सोसायटीत, वाचनालयात किंवा घरातल्या चार माणसांपुढं करणाऱ्या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं: उलटं जा. ओळखीच्या म्हाताऱ्यापासून निघा आणि अनोळखी पोरापर्यंत पोचा. दुसऱ्या वर्षी मी हा क्रम लावला: 'आशीर्वाद' १९६८, 'बंदिनी' १९६३, 'चलती का नाम गाडी' १९५८, 'महल' १९४९, 'किस्मत' १९४३ आणि शेवटी पुन्हा तोच 'अछूत कन्या'. सहा शनिवार, बत्तीस वर्षं, आणि दर शनिवारी माणूस थोडा तरुण.

दुसरं सांगणं: प्रेक्षकांना बघायला एकच गोष्ट द्या. 'अभिनय बघा' म्हटलं की लोक गोष्टच बघतात. मी सांगते, हात बघा. हा माणूस बोलत नसतो तेव्हा त्याचे हात काय करतात, एवढंच बघा. बाकी सगळं आपोआप दिसायला लागतं.

सिनेमे मिळवताना नुसत्या नावावर जाऊ नका, साल बघा. मी एका दुकानातून फोनवर 'किस्मत'ची डीव्हीडी मागवली. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री लावून बघते तर विश्वजित बाईच्या वेषात 'कजरा मोहब्बतवाला'वर नाचतोय! तो १९६८चा 'किस्मत'. दुकानदाराचा काय दोष, मीच साल सांगितलं नव्हतं. 'महल' नावाचाही देव आनंदचा दुसरा सिनेमा आहे, १९६९चा. 'बंधन'चंही तेच. तेव्हा डीव्हीडी असो नाहीतर यूट्यूब, आदल्या दिवशी सिनेमा शेवटपर्यंत चालवून बघायचा. नुसती सुरुवात बघून चालत नाही, कारण जुन्या प्रतींमध्ये मधलीच रिळं गायब असतात आणि ते कळतं नेमकं माडी भरलेली असताना.

परवानगीचंही उरकून टाकते. आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे 'किस्मत', 'महल' कधीच मोकळे झाले, 'बंदिनी'सुद्धा २०२३ संपताना झाला. 'आशीर्वाद' मात्र २०२८ संपेपर्यंत हक्कात आहे. त्यासाठी हक्कदाराला पत्र लिहून लेखी होकार घ्या. 'आम्ही फुकट दाखवतो' हे उत्तर तिथं चालत नाही. गाण्यांचे आणि कथेचे हक्क वेगळे मोजतात, त्यामुळे तिकीट लावणार असाल तर एखाद्या जाणत्या वकिलाला विचारूनच लावा.

आता पहिला शनिवार. दिवे घालवायच्या आधी दहा मिनिटं बोलायचं, अकरावं मिनिट नाही. मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावेल तेवढंच लिहून नेते. त्या दिवशीच्या कागदावर असतं: खरं नाव कुमुदलाल गांगुली. जन्म १३ ऑक्टोबर १९११, भागलपूरला. वडील मध्य प्रांतात खांडव्याला वकील. घरचे म्हणत होते पोरानं वकील व्हावं, पोराला सिनेमाच्या यंत्रांचा नाद. बस्स. नायक कसा झाला ते आज सांगायचं नाही, ते सहाव्या शनिवारी. माहितीचा सगळा डबा पहिल्याच दिवशी उघडला की पुढच्या वेळी लोक खाऊनपिऊन आल्यासारखे येतात.

त्याऐवजी विचारा, "हम लोग कोणाकोणाला आठवतं?" साठीपुढचे सगळे हात वर येतात. १९८४ साली आमच्या आळीत टीव्ही एकच होता. त्या घरातल्या काकू मालिका सुरू व्हायच्या आत दारातल्या चपला मोजायच्या आणि तेवढ्या मुठी शेंगदाणे काढून ठेवायच्या. भाग संपला की अशोककुमार यायचे आणि समोर बसल्यासारखे आपल्याशी बोलायचे, 'छन्न पकैया' करून शेवट करायचे. माझी सासू पदर सावरून बसायची, कारण 'ते बघतायत ना'. दर वेळी कोणीतरी असंच काहीतरी सांगतं. त्या पाच मिनिटांत माडी तापते. मग 'आशीर्वाद' लावा.

'रेलगाडी'चं गाणं येतं तेव्हा आवाज थोडा वाढवायला भाच्याला आधीच खूण करून ठेवा. हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे शब्द, वसंत देसाईंचं संगीत. होय, आपले प्रभातमध्ये घडलेले वसंत देसाई. आणि गातोय स्वतः अशोककुमार, वय सत्तावन्नच्या आसपास, श्वास कुठं घेतो कळत नाही. रॅप म्हणतात ते हेच, असं माझा नातू म्हणाला. म्हणू दे. गाण्यात स्टेशनांची नावं धडधडत येतात, त्यात तळेगाव-मालेगाव येतं, शोलापूर-कोल्हापूर येतं, आणि प्रत्येक वेळी आमच्या माडीवर कोणीतरी आपल्या गावाला टाळी देतं. त्यात खांडवाही आहे. त्याचं स्वतःचं गाव. ते मात्र गाणं संपल्यावर सांगा, आधी नको, म्हणजे लोक पुन्हा लावायला सांगतात.

या भूमिकेसाठी त्याला त्या वर्षीचा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण नवशिक्या प्रेक्षकाला पुरस्कारापेक्षा हे दाखवा: सिनेमाचा पूर्वार्ध मुलांना हसवणारा आहे, उत्तरार्ध तुरुंगातला, आणि माणूस दोन्हीकडे एकच वाटतो. दाढी वाढली म्हणून तो आवाज जड करत नाही.

दुसऱ्या शनिवारी 'बंदिनी'. इथं रुमाल न्या. मी उगाच म्हणत नाही.

नूतनचा सिनेमा आहे हा, अशोककुमारचा नाही, आणि म्हणूनच तो दाखवायचा. नायक म्हणून तीस वर्षं घालवत आलेला माणूस दुसऱ्याच्या सिनेमात कसा वावरतो हे कळण्यासाठी. तो क्रांतिकारक विकास घोष. पुढं धर्मेंद्र उभा, तरणाबांड, देखणा, भल्या मनाचा डॉक्टर. शेवटी नूतन त्या डॉक्टरकडे निघालीय आणि घाटावर तिला विकास दिसतो, आजारी, खंगलेला. एकीकडे तिची गाडी सुटायची वेळ, दुसरीकडे बोटीचा भोंगा. आणि वरून सचिनदेव बर्मन यांचा तो फाटका, खोल आवाज: 'मेरे साजन हैं उस पार'.

या जागी मी सिनेमा थांबवत नाही, पण संपल्यावर तेवढी शेवटची दहा मिनिटं पुन्हा लावते, आवाज पूर्ण बंद करून. हे करून बघाच. पहिल्यांदा सगळे नूतनकडे बघतात, बघायलाच हवं. आवाज बंद केल्यावर नजर दुसरीकडे जायला मोकळी होते. एकावन्न वर्षांचा हा नट तिला बोलावत नाही, अडवत नाही, स्वतःची दया येऊ देत नाही. हातांनी जवळजवळ काहीच करत नाही. आमच्याकडचे एक निवृत्त तलाठी त्या दिवशी म्हणाले, "याच्या जागी मी असतो तर एकदा तरी हात पुढं केला असता." मग जरा वेळानं, "म्हणूनच ती माझ्यासाठी पळाली नसती." त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. मी चहा आणायला खाली गेले.

'बंदिनी'त गुलजार यांचं अगदी सुरुवातीचं एक सिनेमागीत आहे, 'मोरा गोरा अंग लइ ले'. 'आशीर्वाद'ची गाणीही त्यांचीच, 'रेलगाडी'सारखी मुलांची सोडून. दोन शनिवार असे धाग्यानं बांधता येतात. विचारणारा कोणी निघाला तर सांगा, नाहीतर राहू दे.

'चलती का नाम गाडी'बद्दल फार शिकवायचं नसतं. लोक हसतात, आपणही हसायचं. जवळजवळ तीन तासांचा आहे, म्हणून पाचाऐवजी साडेचारला सुरू करा आणि मध्यंतरात चहाबरोबर काहीतरी खायला ठेवा. आमच्याकडे भेळ असते, कोरडी, कारण ओल्या भेळेचे हात खुर्च्यांना लागतात आणि खुर्च्या मंगल कार्यालयाच्या आहेत. तिघे भाऊ पडद्यावरही भाऊ: अशोक, अनूप, किशोर. मोठा भाऊ मुष्टियोद्धा, बायकांचं नाव काढलं तरी भडकणारा. आज हातांच्या मुठी आहेत, एवढं आठवण करून द्या.

दोन गोष्टी मात्र या शनिवारी सांगायच्याच. पहिली गमतीची. अशोककुमारनं १९३६च्या 'जीवन नैया'त स्वतः गायलेलं 'कोई हमदम न रहा' किशोरनं १९६१ साली 'झुमरू'त पुन्हा गायलं. आणि 'एक चतुर नार' हे गाणं 'पडोसन'मुळे ज्यांना पाठ आहे त्यांना १९४१चा 'झूला' ऐकवा: मूळ गाणं तिथलं, सरस्वतीदेवींच्या चालीतलं, मोठ्या भावाच्या तोंडचं. भाच्याला दोन्ही गाणी पाठोपाठ लावायला सांगा. धाकटा थोरल्याच्या गाण्यात काय काय भरतो हे लहान मुलालाही कळतं. थोरला गातो गळ्याला जपून, सरळ. धाकटा त्याच गाण्यावरून कोलांट्या मारतो. सरस्वतीदेवी म्हणजे खुर्शीद होमजी, पारशी घरातल्या. त्या काळात बाई संगीतकार! याबद्दल बोलायला लागले की माझी दहा मिनिटं पंचवीस होतात, तुम्ही सांभाळा.

दुसरी गोष्ट: किशोरकुमार गेला तो १३ ऑक्टोबर १९८७ला. पहिल्या शनिवारचा कागद कोणी लक्षात ठेवला असेल तर त्यानं लगेच मान वर केलेली असते. दादामोनीचा शहात्तरावा वाढदिवस होता तो. त्यानंतर त्यांनी वाढदिवस केला नाही. हे सिनेमाच्या आधी सांगू नका. हसायच्या सिनेमावर सावली पडते. संपल्यावर, दिवे लागल्यावर, एका वाक्यात सांगा आणि सतरंज्या गोळा करायला लागा.

'महल'कडे वळायच्या आधी मधुबालेचं गणित फळ्यावर मांडते मी. सवय जात नाही. 'चलती का नाम गाडी'त ती धाकट्या भावाची नायिका आणि अशोककुमार तिच्यावर डाफरणारा थोरला दीर, म्हणजे होऊ घातलेला. नऊ वर्षं मागं जा: 'महल'मध्ये ती त्याची स्वतःची नायिका, वय सोळा. तो अडतीस. आणि १९६०मध्ये ती खरोखरच किशोरची बायको होऊन त्याची भावजय झाली. बायका 'अगं बाई' म्हणतात. पुरुष मनात वयाची वजाबाकी करतात.

इथं मी माझी एक तक्रार मांडते, कोणी विचारो न विचारो. 'झूला'त त्याची नायिका होती लीला चिटणीस, आपल्याकडची पदवीधर बाई, नाटकातून आलेली. 'कंगन', 'बंधन', 'झूला' हे तिन्ही तिनं त्याच्याबरोबर केले आणि तिन्ही तुफान चालले. १९४८च्या 'शहीद'मध्ये ती दिलीपकुमारची आई झाली. १९५१ला 'आवारा'त राज कपूरची आई. आणि हा १९४९ला सोळा वर्षांच्या मुलीच्या मागं त्या हवेलीतून फिरतोय! त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही, धंदाच तसा होता, अजूनही आहे. पण उलटा क्रम लावला की हे लख्ख दिसतं: त्याचं वय आपण कमी करत जातो, आणि नायिका मात्र तेवढ्याच वयाच्या राहतात.

'महल' दाखवताना खोली पूर्ण काळोखी हवी. आमच्या माडीला पश्चिमेच्या खिडक्या आहेत. पहिल्या वर्षी साडेपाचच्या उन्हात पडद्यावरचं भूत पांढरं झालं. आता गाद्यांच्या जाड चादरी खिळ्यांना अडकवतो. आणि पंखे बंद करा किंवा अगदी हळू ठेवा. जुन्या सिनेमांचा आवाज पातळ असतो, त्यात छताच्या पंख्याची घरघर मिसळली की संवाद कळत नाहीत आणि लोक म्हणतात, "जुने लोक पुटपुटायचे." पुटपुटत नव्हते हो, तुमचा पंखा बोलतोय. स्पीकर पडद्याखाली ठेवायचे, मागं नाही, आणि त्यातला घुमणारा जाड आवाज कमी करून बारीक आवाज किंचित वाढवायचा. एवढ्यानं निम्मं काम होतं.

कमाल अमरोहींचं हे पहिलंच दिग्दर्शन, संकलन बिमल रॉय यांचं, तेच बिमलदा ज्यांचा 'बंदिनी' आपण महिन्यापूर्वी बघून रडलो. 'आएगा आनेवाला' सुरू झालं की हात सोडा, मान बघा. तो काही करत नाही. ऐकतो. ऐकणं पडद्यावर दाखवणं बोलण्याहून अवघड, हे मी वर्गात एकतीस वर्षं बघितलंय, ऐकल्याचं सोंग करणारी पोरं लगेच ओळखू येतात. हा खरंच ऐकतो. सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं, सिनेमातल्या पात्राचं, आणि लोकांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. हे सांगितलं की मराठी श्रोत्यांची छाती दोन बोटं पुढं येते. संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले.

'महल' बाँबे टॉकीजचा, आणि त्या वेळी मालाडचा तो स्टुडिओ अशोककुमार आणि सावक वाच्छा चालवत होते. नट, शिवाय दुकान सांभाळणारा. 'जिद्दी'त १९४८ला देव आनंदला त्यांनीच संधी दिली. इथपर्यंत आलं की कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहावं लागतं, ते मी टाळते.

पाचवा शनिवार 'किस्मत', आणि हा माझा लाडका. इतका की भाच्यानं मला बजावून ठेवलंय, "मावशी, पुढचं आधी बोलायचं नाही."

सुरुवातीची दहा मिनिटं दोनदा दाखवा. शेखर, म्हणजे आपला अशोककुमार, तुरुंगातून सुटतो. रस्त्यात एक पाकीटमार एका म्हाताऱ्याचं सोन्याचं घड्याळ मारतो, आणि हा त्या पाकीटमाराकडून ते सहज काढून घेतो. चोरावर मोर. हात बघा म्हणून चार शनिवार कंठशोष केला तो याच्यासाठी. या सिनेमात हातांना काम आहे: सिगारेट, खिसा, कुलूप. आणि काम मिळालेले हात कसे मोकळे होतात! नायक चोर आहे आणि त्याची त्याला लाज नाही. १९४३मध्ये हे नवं होतं. लोकांनी असं उचलून धरलं की कलकत्त्याच्या रॉक्सी टॉकीजमध्ये हा सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. तो विक्रम पुढं 'शोले'नं मोडला. ज्ञान मुखर्जींचं दिग्दर्शन, अनिल विश्वास यांचं संगीत, आणि नायकाच्या लहानपणच्या भूमिकेत जो पोरगा आहे तो मेहमूद. तोच, 'पडोसन'मधला! तिसऱ्या शनिवारचं 'चतुर नार' आठवून लोक स्वतःच जोडतात, आपण गप्प बसायचं.

'दूर हटो ऐ दुनियावालों' वाजलं की तारखेची आठवण करून द्या. सिनेमा जानेवारी १९४३चा, 'चले जाव'ला जेमतेम पाच महिने झालेले, पुढारी तुरुंगात. कवी प्रदीप यांनी गाण्यात जर्मन आणि जपानी यांची नावं घातली, महायुद्धातले इंग्रजांचे शत्रू, म्हणून सेन्सॉरनं सोडलं. ऐकणाऱ्याला दूर कोणाला हटायला सांगतायत ते कळत होतं. आमच्याकडचे एक नव्वदीचे आजोबा या गाण्याला उठून उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले. सांधे दुखणारे पण.

या शनिवारी सिनेमानंतर मी मंटोंचा एक उतारा वाचते, हिंदीतून, जमेल तसं मराठी करत. सआदत हसन मंटो तेव्हा मुंबईत सिनेमासाठी लिहायचे, अशोककुमारचे दोस्त. फाळणीच्या सुमाराची दंगल. दोघं मोटारीतून येताना गाडी मुसलमान मोहल्ल्यात शिरते, समोरून लग्नाची वरात. मंटोंच्या पोटात गोळा: बरोबर हिंदू, त्यात चेहरा लपणार नाही असा. लोकांनी ओळखलं, 'अशोककुमार, अशोककुमार' असा गलका झाला, आणि दोन तरुण पुढं येऊन म्हणाले, पुढं रस्ता मिळणार नाही, या बाजूच्या गल्लीतून जा. बस, इतकंच. मंटोंनी ते असं लिहिलंय की वाचताना माझा आवाज दर वेळी एकाच जागी अडकतो. तुम्ही वाचणार असाल तर घरी दोनदा मोठ्यानं वाचून ठेवा.

किस्से सांगायचे तर किस्सा म्हणूनच सांगा, इतिहास म्हणून नाही. सिनेमाच्या लोकांचे किस्से लोणच्यासारखे, दर वर्षी मुरतात. मी तीन चाळण्या लावते: साल जुळतंय का, ती माणसं त्या वेळी त्या गावात होती का, आणि किस्सा सांगणारा स्वतः तिथं होता का. तिन्हीतून गळला तर चहाच्या वेळेला सांगायचा, माईकवर नाही. आणि पुण्याला गेलात तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या गाण्यांच्या पुस्तिका बघा. थिएटरच्या दारात विकायच्या त्या. त्यांतली श्रेयनामावली इंटरनेटवरच्या याद्यांपेक्षा भरवशाची.

आणि मग सहावा शनिवार, पुन्हा 'अछूत कन्या'. आता पहिल्या दिवशी राखून ठेवलेली गोष्ट सांगायची.

बाँबे टॉकीज १९३४ला हिमांशू राय आणि देविकाराणी या नवरा-बायकोनं काढली. कॅमेऱ्यावर जोसेफ विर्शिंग, दिग्दर्शनाला फ्रांझ ऑस्टेन, दोघं जर्मन. कुमुदलालचे मेव्हणे शशधर मुखर्जी तिथं ध्वनिविभागात होते, त्यांनी या कायद्याच्या परीक्षेत गटांगळी खाल्लेल्या पोराला प्रयोगशाळेत चिकटवलं. फिल्म धुवायची, वाळवायची. पोरगा खूश. मग 'जीवन नैया'च्या वेळी नायक नजमुल हसन आणि नायिका देविकाराणी दोघं कलकत्त्याला निघून गेले. (ज्येष्ठ मंडळींसमोर एवढंच म्हणा, 'निघून गेले'. त्यांना कळतं.) शशधरबाबूंनी देविकाराणींना समजावून परत आणलं, नजमुलला दार बंद झालं, आणि हिमांशू रायनी नायक म्हणून प्रयोगशाळेतल्या या पोराकडे बोट केलं. ऑस्टेनसाहेबांना त्याचा जबडा पसंत नव्हता म्हणतात. हा किस्सा, चाळणीतून गळलेला. पोराला नट व्हायचं नव्हतं हे मात्र त्यानं स्वतः जन्मभर सांगितलं.

आता पडद्यावर जे येईल त्याचं ओझं समजतं. समोर मालकीणबाई, तीच नायिका, कसलेली, विलायतेत राहून आलेली. आणि हा, कालपरवापर्यंत फिल्म वाळवणारा, तिच्याशी प्रेमाचं गाणं गाणार. ब्राह्मणाचा मुलगा प्रताप आणि रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी कस्तुरी. गोष्टीत धीट तिनं असायचं की यानं हा प्रश्नच येत नाही, कारण हा थिजलाय.

या वर्षी साठातले चौपन्न जण बसून होते. 'मैं बन की चिड़िया' सुरू झालं. दोघं आपापल्या गळ्यानं गातायत, ती सराईत, हा सुराला धरून ठेवल्यासारखा. पहिल्या रांगेतल्या त्याच आजी, या वेळी पाठीला उशी घेऊन बसलेल्या, पुढं वाकल्या. मला वाटलं, काही दुखतंय का. तर त्या शेजारणीला कोपरानं ढोसून कुजबुजत होत्या, पण आमच्या माडीवर कुजबुज मागच्या भिंतीपर्यंत जाते:

"हात बघ. हात बघ त्याचे. कुठं ठेवू, कुठं नको झालंय पोराला."